आज कोनतं गाव?

९ नोव्हेंबर, रविवार

डायरी लिहायची सवय मला नाही. पण ज्याला सांगावं तो सल्ला देतो, म्हणून ही वही काढली.

आज आबा परत निघून गेले. मी न्हाणीत होते तेवढ्यात. पिशवी घेतली, चपला घातल्या आणि थेट एसटी स्टँड. तिथल्या रसवंतीवाल्याचा फोन आला, "मॅडम, तुमचे वडील इथं बसून हायेत. वडनेरची गाडी विचारून राह्यले." ओल्या केसांनी धावले. आबा बाकावर ताठ बसलेले, मांडीवर पिशवी.

"आबा, कुठी चालले?"

माझ्याकडं असं पाहिलं की जशी मीच येडी. "आज वडनेर हाय नं!"

वडनेर भोलजीचा बाजार सोमवारी. आज रविवार. पण हे सांगून काही होत नाही, कारण आबांना वार कधी नव्हतेच. पन्नास वर्षं त्यांनी बाजार केले. छत्र्या, स्टोव्ह, बॅटऱ्या, कुलपं, लोकांचं जे मोडेल ते बाजारात बसून दुरुस्त करायचं. आठवड्याचे सहा बाजार आणि मंगळवार खाली, म्हणजे बिनबाजाराचा. त्यामुळे आमच्या घरात सोमवार नव्हता, वडनेर होतं. रविवार नव्हता, रोहिणखेड होतं. पंचांग तर आमच्या घरी कधी आलंच नाही. आबा म्हणायचे, वार काही कोनाच्या बापाचा नसते, चांगला काय अन् वाईट काय. पहिलीत गुरुजींनी विचारलं, जन्म कधीचा? मी आईकडून ऐकलेलं सांगितलं, "रोहिणखेडचा." गुरुजींनी जन्मगाव रोहिणखेड लिहिलं. माझ्या दाखल्यावर अजून तेच आहे. जन्मले मात्र इथंच, मोताळ्यात.

आता आबा ऐंशीला टेकले. बाजार सोडून सात वर्षं झाली. डोक्यातलं एकेक पुसत चाललंय आणि पाय मात्र ठणठणीत आहेत. ही खरी पंचाईत. घरापुढूनच मोठा रस्ता जातो. ट्रकवाले कुत्र्यासाठी थांबत नाहीत, म्हाताऱ्यासाठी काय थांबणार? मला दुसरं काही नको. आबा घरात राहावेत, जिवंत राहावेत, बस.

पुण्याहून अश्वजितचा फोन. माझा धाकटा भाऊ. म्हणतो, "ताई, बाहेरून कडी लावत जा." म्हटलं, "आबा काय बकरी हाय का बे?" त्याला राग आला. येऊ दे.

त्यात मुख्याध्यापकांनी शैक्षणिक साहित्य स्पर्धेत माझं नाव देऊन टाकलं. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. विषय मी निवडला, मध्य अमेरिकेतल्या माया लोकांचं कॅलेंडर आणि आपलं कॅलेंडर. पुठ्ठ्याची चाकं करायची. करमणूक तरी होईल.

१२ नोव्हेंबर, बुधवार

बुलढाण्याचे डॉक्टर म्हणाले होते, रोज सकाळी वार-तारीख सांगा, मोठ्या आकड्यांचं कॅलेंडर लावा. म्हणून रोज एक पान फाडायचं ते कॅलेंडर आणलं. सकाळी आबांच्या हातानं पान फाडलं. मोठ्यानं म्हटलं, आज बुधवार, बारा तारीख. त्यांनीही म्हटलं. मग विचारतात, "बुधवार म्हन्जे कोनतं?"

"बुधवार म्हणजे बुधवार, आबा."

ते हसले. लेकराचं बोबडं ऐकून हसतात तसे.

शाळेतून आले तर केसरबाई दारातच उभ्या. शेजारच्या आहेत, मी शाळेत असते तोवर त्याच आबांजवळ बसतात. "मॅडम, तुमच्या आबानं साल संपवून टाकलं!" आत जाऊन पाहते तर एकतीस डिसेंबरपर्यंतची सगळी पानं फरशीवर. आबा गुडघ्यावर बसून ती उलटीसुलटी करताहेत.

"काऊन फाडले आबा?"

"तरोडा पाहून राह्यलो होतो. एकाही पानात नाही."

तरोड्याचा बाजार बुधवारी. म्हणजे वार त्यांना कळला होता की नव्हता? कोण जाणे. मी पानं गोळा केली, वर्ष रबर लावून ठेवलं. रडू आलं, पण केसरबाईंपुढं कशाला.

संध्याकाळी चाकं कापली. माया लोकांची दोन कॅलेंडरं. एक तीनशे पासष्ट दिवसांचं, आपल्यासारखं, पण महिने वीस-वीस दिवसांचे अठरा आणि शेवटी पाच दिवस उरलेले. दुसरं दोनशे साठ दिवसांचं, त्याला ना सूर्याचं घेणं ना चंद्राचं देणं. त्यात वीस नावं आणि तेरा आकडे फिरत राहतात. दोन्ही चाकं एकमेकांत अडकवून फिरवली की तीच जोडी परत यायला बावन्न वर्षं. आपल्या कॅलेंडरात चार वर्षांनी एक दिवस घालतात, त्यांच्याकडे ती भानगड नव्हती. चाक आसावर बसेना. आबा मागून पाहत होते. त्यांनी पिशवीतून छत्रीची एक काडी काढली, पकडीनं तोडली, आस केला आणि चाक गरगर फिरवून दाखवलं. "असं पाह्यजे," म्हणाले. त्या वेळी ते अगदी पहिल्यासारखे होते. मी उगाच दुसरंही चाक त्यांच्याकडून करून घेतलं.

दोन हजार बाराची गोष्ट आठवली. टीव्हीवाल्यांनी माया कॅलेंडर संपलं म्हणून दुनिया बुडवायला काढली होती. खरं तर त्यांचा एक मोठा हिशेब पुरा होऊन नवा सुरू होणार होता, एवढंच. गल्लीत लोक घाबरले होते. आबांनी विचारलं, "कोन्या दिवशी बुडते म्हन्ते?" मी म्हटलं, शुक्रवारी. "मंग नाही बुडत. धामणगावचा बाजार सोडून कोन बुडते?"

१७ नोव्हेंबर, सोमवार

आबा झोपल्यावर लिहायला बसले.

अकराला केसरबाईंचा फोन, आबा नाहीत. त्या चहा ठेवायला गेल्या आणि हे गेले. मी वर्ग सोडून निघाले. स्टँडवर नाहीत. बाजारपेठेत नाहीत. म्हटलं आज सोमवार, वडनेरला गेले असतील, म्हणून नांदुऱ्याच्या रस्त्यानं गाडी काढली. नाहीत. दुपार झाली. शेवटी धामणगावच्या रस्त्याला सापडले, पार उलट्या दिशेला. एक चप्पल नव्हती, टाचेतून रक्त. रस्त्याच्या मधोमध चालत होते. माझ्या डोळ्यांसमोर एक कापसाची गाडी त्यांच्या बाजूनं इतकी जवळून गेली की धोतराचा सोगा उडाला. मी किंचाळले. आबा वळून म्हणाले, "ओरडते काऊन वं? उशीर होऊन राह्यला."

घरी आणलं आणि मी त्यांच्यावर भडकले. सत्तर वेळा सांगितलं आज सोमवार आहे म्हणून! सोमवार! म्हणा, सोमवार! ते मान खाली घालून म्हणाले, सोमवार. मग हळूच म्हणाले, "बाई, मले जाऊ द्या. गिऱ्हाईक वाट पाहून राह्यलं असन."

मला बाई म्हणाले.

संध्याकाळी फकीर मोहम्मद चाचा काठी टेकत आले. बांगड्यांचं दुकान घेऊन आबांच्या बाजूला पन्नास वर्षं बसलेले. आता गुडघे गेले. आबांची टाच पाहून म्हणाले, "बेटी, तू त्याले वार काऊन सांगते? वार तर सरकारचे हायेत. त्याले गाव सांग."

डॉक्टरांची फी वाया गेली म्हणायची.

२३ नोव्हेंबर, रविवार

चाचांचं खरं निघालं. सकाळी म्हणते, "आबा, आज रोहिणखेड." लगेच डोळ्यांत ओळख येते. "हाव. उद्या वडनेर. परवा खाली." बोटं मोजत अख्खा आठवडा म्हणतात, कुठं चुकत नाहीत. मग पुढं आपोआप सुरू होतं, रोहिणखेडच्या जुन्या मशिदीच्या सावलीला किती गार लागायचं, वडनेरच्या बायका भाव कसा पाडायच्या, पिंपळगावात कोणी स्टोव्ह पेटवून पाहताना मिशा जाळून घेतल्या. मी कधी एवढं ऐकलंच नव्हतं.

पण आली का पंचाईत! गाव सांगितलं की पिशवी मागतात. आणि आता तर रस्ताही बरोबर धरतात. पहिले चुकीच्या बाजारी जात होते, आता बरोबर बाजारी निघतात. मी शाळा सोडून रोज बाजार करू का? या आठवड्यात केसरबाईंनी दोनदा रस्त्यावरून ओढून आणलं. त्या म्हणाल्या, "मॅडम, माझ्यानं नाही होत आता. मीच एखाद दिवशी गाडीखाली जाईन."

अश्वजित पुन्हा कडीवर आला. त्याच्या बायकोनं पुण्यातल्या एका संस्थेचं नाव सांगितलं. फार चांगली आहे म्हणे, दाराला आकडे दाबायचं कुलूप आहे.

मी रात्रीच्या स्वयंपाकाला लागले आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला. माया लोकांचे ते उरलेले पाच दिवस! त्यांना ते अशुभ मानत. मोठं काम काढायचं नाही, होईल तितकं घराबाहेर पडायचं नाही. पाच दिवस सरले की नवं वर्ष. आणि आबांच्या आठवड्यातही तसा एक दिवस आहेच की. खाली दिवस! बाजार नाही, म्हणून जायचं नाही.

उद्या करून पाहते.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

जमलं! चार दिवस झाले. सकाळी म्हणते, "आबा, आज खाली हाय." ते म्हणतात, "हाव का? बरं." आणि पिशवी खुंटीला. भांडण नाही, कडी नाही, झोपेची गोळी नाही. काल काय होतं ते त्यांना आठवत नाही, म्हणून रोज खाली चालून जातं. मला स्वतःचं कौतुक वाटलं. अश्वजितला सांगितलं तर तोसुद्धा म्हणाला, "ताई, मानलं बरं."

आज स्पर्धा झाली. तिसरा नंबर. माझी चाकं छान फिरली. परीक्षकांना सांगितलं, आपल्या तारखा म्हणजे नुसते आकडे, सगळ्या एका मापाच्या. माया लोकांचा प्रत्येक दिवस मात्र कोणीतरी असतो. त्याला नाव असतं, स्वभाव असतो. काळ म्हणजे पाठीवरचं ओझं, ते वाहून आणणारा मुक्कामाला टेकतो आणि दुसरा उचलतो. ग्वाटेमालाच्या डोंगरात अजून लोक ती मोजणी करतात, बाहेरचे कितीही राजे आले-गेले तरी. एक परीक्षक म्हणाले, "याचा व्यवहारात उपयोग काय?" मला हसूच आलं. सर, म्हटलं, माझ्या घरी या.

६ डिसेंबर, शनिवार

आज सकाळी मी काही सांगायच्या आत आबा उठून बसलेले. आंघोळ करून पांढरा सदरा घातलेला, बटनं खालीवर. मी त्यांना विहारात घेऊन गेले. त्रिशरण-पंचशील एका सुरात म्हटलं, एक शब्द चुकला नाही. सहा डिसेंबर त्यांना कोणी सांगितला? केसरबाई म्हणतात, त्यांनी नाही सांगितला. पहाटे कोपऱ्यावरचा भोंगा ऐकला असेल.

घरी आल्यावर सदरा काढेनात. "आता कोनतं?" विचारलं. मी सवयीनं म्हटलं, खाली. मग सदरा काढला.

आबा हल्ली शांत असतात. भाकरी अर्धी ठेवतात. उन्हात बसवलं तिथं बसतात, उठवलं की उठतात. केसरबाई म्हणाल्या, "बोलून नाही राह्यले माय, तीन दिवस झाले." म्हटलं, थंडी आहे, आणि वयही झालं. पहिले बोलायचे तेव्हा बोलतात म्हणून तक्रार, आता बोलत नाहीत म्हणून तक्रार. मी मात्र वर्गात कित्येक महिन्यांनी निवांत शिकवलं.

१४ डिसेंबर, रविवार

सकाळी म्हटलं, "आबा, आज खाली." थोड्या वेळानं पाहते तर भिंतीकडं तोंड करून रडताहेत. आवाज नाही, खांदे हलताहेत.

"आबा, काय झालं? दुखून राह्यलं का?"

"किती मेले वं?"

"कोण मेले?"

"मले सांगत नाही तू. बाजार काऊन भरत नाही? खालीच खाली, खालीच खाली. असं पटकीच्या साली झालं होतं म्हन्ते माहा बाप. मानसं राह्यले नाही तं बाजार कोन भरवन?" मग माझा हात धरला. "फकीर हाय का? का तोही गेला?"

आठवत नाही, आठवत नाही म्हणत होते मी! कालचा दिवस त्यांना आठवत नव्हता, पण खालीचा ढीग आत कुठंतरी साचत गेला होता. धावत जाऊन चाचांना आणलं. दोघं म्हातारे एकमेकांना धरून बसले. आबा चाचांचे हात चाचपून पाहत होते.

चाचांना मी सगळं सांगितलं. वाटलं होतं, समजून घेतील. ते माझ्यावर एवढे चिडलेले मी पाहिले नव्हते. "तू पढी-लिखी बाई! अगं, खाली दिवस गोड लागते काऊन, माहीत हाय का तुले? दुसऱ्या दिवशी बाजार रायते म्हनून! तू त्याची दुनियाच बंद करून टाकली."

"मंग काय करू चाचा? गाडीखाली जाऊ देऊ?"

चाचांनी आबांच्या पायावर पांघरूण ओढलं. तिथंच बसलो तिघं. शेवटी मी म्हटलं, पुढच्या रविवारी मी स्वतः नेते रोहिणखेडला. चाचांनी नुसती मान हलवली.

२१ डिसेंबर, रविवार

गेलो. सकाळी म्हटलं, "आबा, आज रोहिणखेड. चला." पिशवी हातात दिली. त्यांनी पकड, तार, सुई-दोरा पाहून घेतला आणि बसमध्ये खिडकीशी बसले. एकदा मला म्हणाले, "आज गर्दी कमी दिसते." बरं वाटलं मला. म्हटलं, आठवड्यातून एक बाजार एवढं तर मी करू शकते. रविवार सुट्टीचाच असतो. बाकीचे दिवस खरं सांगायचं, आज वडनेर आहे, पण गाडी नाही, रविवारी जाऊ. मनात पुरा बेत केला होता.

बाजार भरलेला. आबा रांगेतून चालत गेले आणि एका जागी थांबले. तिथं मोबाइलची कव्हरं लटकवलेली. बाजूच्या भाजीवाल्या बाईनं विचारलं, कोण पाहिजे? मी सांगितलं. तिनं वांग्याचं पोतं सरकवलं, "बसू द्या बाबाले." आबा बसले. पुढं फडकं अंथरलं, त्यावर पकड ठेवली, काड्या ठेवल्या. लोक येत होते, जात होते. तासभर कोणी थांबलं नाही. आता मोडकी छत्री कोण दुरुस्त करतं? मी घरून छत्री आणली होती, मुद्दाम एक काडी वाकवून. ती पुढं केली.

आबांनी उघडून पाहिली. "कोन्या गावच्या बाई?"

"मोताळ्याच्या."

"ठेवून जा. पुढच्या बाजारी न्या."

मला मजा वाटली. विचारलं, "पुढचा बाजार कवा हाय?"

त्यांनी बोटं वर केली. अंगठा करंगळीवर टेकवला आणि तसाच राहिला. ओठ हलले, नाव काही निघालं नाही. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. पुन्हा तिथंच.

"रविवारी का?" मी म्हटलं. "रोहिणखेडचा?"

"हाव, रोहिणखेडचा." त्यांना जरा धीर आला. मग आजूबाजूला पाहिलं. भाज्या, माणसं, ती मशीद, सगळं पाहिलं. "अन् हे कोनतं हाय?"

मी म्हटलं, "हेच रोहिणखेड आबा."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. समोरचा खोटं बोलतोय हे कळल्यावर माणूस जसं पाहतो तसं, पण रागावले नाहीत. पकड पिशवीत टाकली. छत्री मला परत दिली. "तुमीच घेऊन जा," म्हणाले. "मले सांगता येत नाही."

येताना बसमध्ये माझा हात धरून बसले होते. मी बाहेर पाहत राहिले.

२९ डिसेंबर, सोमवार

अश्वजितनं विचारलं, आबा आता बाहेर जातात का? म्हटलं, नाही. आठ दिवसांत एकदाही नाही. तो म्हणाला, "चला, सुटलीस." त्याचं काय चुकलं? मला तेच तर पाहिजे होतं.

डॉक्टर म्हणाले, हे असंच होत जातं, तुम्ही काही केलं म्हणून नाही.

आज शाळेला सुट्टी टाकली. सकाळी दार सताड उघडं ठेवलं. आबांना आंघोळ घातली, सदरा घातला, चपला पायाशी ठेवल्या. म्हटलं, "आबा, आज वडनेर हाय."

"बरं," म्हणाले.

"वडनेर, आबा. बाजार भरला असन. गिऱ्हाईक वाट पाहून राह्यलं."

"बरं."

पहिली गाडी गेली. दुसरी गेली. मी उंबऱ्यात बसून होते, त्यांनी पिशवी मागावी म्हणून. नाही मागितली.